तिसऱ्या ठिकाणचा माणूस

मंदार सबनीसने आयुष्यात मन लावून एकच गोष्ट लिहिली. ती कविता नव्हती की प्रेमपत्र नव्हतं; ती एक सरकारी योजना होती. ‘स्मृतिकोठार पालट योजना’ असं तिचं भारदस्त नाव. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती वाचणारा मंदारशिवाय दुसरा कोणी निघाला असता, तर त्याचा जाहीर सत्कारच करायला हवा होता. पण राज्यातल्या वीसेक हजार माणसांचा कालचा दिवस त्या योजनेवर उभा होता, आणि मंदारला मनातल्या मनात याचा फार अभिमान होता.

कोऱ्या तापाची साथ येऊन गेली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तापाला हे नाव लोकांनीच दिलं. माणूस चार दिवस फणफणायचा, मग खडखडीत बरा व्हायचा, आणि मग घरच्यांच्या लक्षात यायचं की सकाळी काय खाल्लं हे याला दुपारी सांगता येत नाही. मेंदूच्या आत खोलवर एक लहानसा भाग असतो; आजचा अनुभव उद्यासाठी पक्का करण्याचं काम तो करतो. ताप नेमका तेवढाच भाग खायचा. जुनं सगळं शाबूत राहायचं. शाळेतले पाढे, लग्नातली भांडणं, गावाकडच्या विहिरीचं पाणी. नवं मात्र काही टिकायचं नाही.

त्यावर उपाय निघाला तो ‘दुवा’. कानामागे बसवलेली एक पातळ पट्टी. मेंदूत अनुभवाची जी नक्षी उमटते ती हा दुवा टिपायचा, कोठाराकडे पाठवायचा, आणि माणूस आठवायला लागला की ती तिथून परत आणून द्यायचा. आता वीस हजार माणसांचा प्रत्येक क्षण जसाच्या तसा साठवायचा म्हटलं तर जागा पुरेना. म्हणून शास्त्रज्ञांनी एक सामाईक कोश तयार केला. फोडणीचा वास, दारावरची थाप, आपल्या नावाने कोणी हाक मारली की आत होणारी हालचाल, असं जे सगळ्यांच्या अनुभवात सारखं असतं ते त्यात एकदाच ठेवायचं. प्रत्येक माणसाच्या नावावर फक्त यातले कोणते तुकडे कसे जोडायचे एवढीच नोंद. हा कोश रोज थोडा शिकायचा, थोडा बदलायचा, आणि माणूस झोपला की दुवा त्याचा मेंदू त्या बदललेल्या कोशाशी जुळवून घ्यायचा. म्हणजे एका मेंदूचं एका वेळी एकाच कोशाशी जमणार. दुसऱ्याशी जुळवला की पहिल्यातलं सगळं नुसता गोंगाट. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं समजायला अवघड नाही.

कोठारं दोन होती, एक नाशिकला आणि एक अमरावतीला. नाशिकच्या माणसांचं नाशिकला साठायचं आणि त्याची नक्कल अमरावतीला जायची. अमरावतीचं तसंच उलट. एक कोठार बंद पडलं तर दुसऱ्याने त्याचा भार उचलायचा. इंग्रजीत ज्याला फेलओव्हर म्हणतात त्याला मंदारने ‘पालट’ म्हटलं. एक पडलं तर भीती नाही, हे त्याने योजनेत पुन्हापुन्हा लिहिलं होतं. भीती आहे ती दोन्ही उभी असताना मधली तार तुटण्याची. मग नाशिकला वाटतं अमरावती गेली, अमरावतीला वाटतं नाशिक गेलं, आणि दोघंही आपापला कोश धरून कारभार हाकायला लागतात. एका म्यानात दोन तलवारी. अशा वेळी खरं कोठार कोणतं हे ठरवायला तिसरं ठिकाण हवं.

हे काम यंत्रावर सोपवायला समिती तयार होईना. निर्णय चुकला तर लोकांनी जाब कोणाला विचारायचा, असं समितीच्या अध्यक्ष उपासनीबाईंचं म्हणणं. म्हणून मंदारने कलम घातलं की तिसऱ्या ठिकाणी माणूस बसेल, तो साक्षीदार म्हणून काम करेल, आणि दोन्ही शहरांत त्याचं कोणीही असता कामा नये. नातेवाईक नको, सोयरा नको, मित्रही नको. जाहिरात निघाली. पण नाशिकला एखादा मावसभाऊ नसलेला माणूस या राज्यात सापडणं किती कठीण आहे, हे तेव्हा कळलं. जो येई त्याची कोणी ना कोणी आत्या पंचवटीत निघे, नाहीतर मेहुणा बडनेऱ्याला. शेवटी बैठकीत सगळ्यांच्या नजरा मंदारकडे वळल्या. आईवडील गेलेले, भावंड नाही, लग्न जमता जमता मोडलेलं आणि पुन्हा न जमवलेलं. वय पंचावन्न. उपासनीबाई जरा संकोचून म्हणाल्या की सबनीस, तुमचं तसं कोणीच नाही ना? मंदार हसला आणि नाही म्हणाला. दुसऱ्यासाठी शिवलेला सदरा त्याच्याच अंगाला नेमका बसला होता.

तिसरं ठिकाण ठरलं तोरणमाळ. सातपुड्यातलं ते उंचावरचं गाव दोन्ही शहरांपासून दूर, भूकंपापुरापासून सुरक्षित, आणि तिथून दोन्हीकडे स्वतंत्र तारा नेता येत होत्या. तलावाच्या वर एक दगडी खोली, आत दोन किल्ल्यांचा एक फलक, आणि शेजारी राहायची जागा. भाकरी-डाळ करून द्यायला पावरा आदिवासींच्या वस्तीतली रायलीबाई यायची. ती मुळात कमी बोलायची, आणि मंदारशी बोलण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. आठवड्याच्या बाजारापर्यंत मंदारला स्वतःचा आवाज ऐकू येण्याचं एकच कारण म्हणजे सकाळची हजेरी.

हजेरी हीसुद्धा त्याचीच कल्पना. यंत्रं एकमेकांना दर क्षणी ‘आहे, आहे’ म्हणत असतातच, पण रोज सकाळी दोन्ही कोठारांच्या पहाऱ्यावरच्या माणसाने तोंडाने फोनवर तसं सांगायचं. शिवाय दर सोमवारी दोघांनी आपल्याकडच्या कोशाची आठ अक्षरांची खूण वाचून दाखवायची, आणि साक्षीदाराने दोन्ही खुणा ताडून पाहायच्या. कोश एकच असेल तर खूण एकच येणार. हे वाचून समितीतले लोक हसले होते. इतकी यंत्रं असताना हे कशाला, म्हणाले होते. मंदार म्हणाला, असू दे.

नाशिकहून भालेराव नावाचे गृहस्थ फोन करायचे. ‘नाशिक, चालू’ एवढं बोलून ठेवून द्यायचे. सोमवारी तेवढी आठ अक्षरं जास्त. अमरावतीहून वैदेही गावंडे फोन करायची. ती चाळिशीची, अचलपूरकडची. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं की तिकडे थंडी फार असेल ना सर, पांघरायला आहे का काही? मंदारला हा प्रश्न योजनेत कुठे बसतो ते कळेना. आहे, म्हणाला. आणि मग दिवसभर त्याला तो प्रश्न आठवत राहिला.

वैदेही स्वतः दुव्यावर होती. कोठारांत अशी माणसं मुद्दाम घेत असत; आपलंच डोकं ठेवलेलं कपाट माणूस नीट राखतो, असा त्यामागे हिशेब. तिने हे सहज सांगितलं. ताप आमच्याकडे लग्नातून आला, म्हणाली, आणि दोघांनाही धरून बसला. मंदारला त्या वेळी तलावापाशी दिसलेल्या बिबट्याचं सांगायचं होतं, आणि तो ती बोलायची थांबायची वाट पाहत होता. तिचं झाल्यावर त्याने बिबट्याचं सांगितलं.

दसरा होऊन गेल्यावरचा सोमवार. अमरावतीचा फोन उशिरा आला आणि वैदेहीचा आवाज ओळखू येईना. नाशिकहून आदल्या रात्री परतली होती. आई गेली, म्हणाली. नाशिकला दादाकडे होती, तिथेच गेली. एवढं सांगून ती खुणेची अक्षरं वाचायला लागली आणि दुसऱ्याच अक्षराला अडली. मंदारला दुसऱ्याच्या दुःखाची सवय नव्हती, पण तो काही दगड नव्हता. त्याने म्हटलं, “राहू द्या ती खूण. बोला तुम्ही.”

माणसाने माणसाला म्हणावं असंच ते वाक्य होतं. पण आदल्याच आठवड्याच्या सुरुवातीला, दसरा उलटताच, वाटेतल्या एका केंद्रात तारांची दुरुस्ती झाली होती आणि दोन जोड उलटे बसले होते. नाशिकने पाठवलेली नक्कल फिरून नाशिकलाच येत होती, अमरावतीची अमरावतीला. दोन्ही यंत्रं आलेली नक्कल आपल्याशी ताडून पाहत होती आणि तंतोतंत जुळतंय म्हणून हिरवा दिवा लावत होती. शेजारी घरी आहे का हे आरशात पाहून ठरवावं तसं चाललं होतं. नक्कल जुळते का, हे योजनेतली यंत्रं विचारायची. ती कोणाची आहे, हे विचारायचं राहून गेलं होतं. आठ अक्षरांनी ते त्या सोमवारी उघडं पाडलं असतं.

पुढच्या सोमवारीही वैदेही आईबद्दलच बोलली. त्याच्या पुढच्या सोमवारी ती जरा हसली, आणि तिला पुन्हा अक्षरं वाचायला लावणं मंदारच्या जिवावर आलं. मग तेच अंगवळणी पडून गेलं. भालेरावांनी वाचलेली खूण तो नोंदवहीत दोन्ही रकान्यांत भरून टाकायचा आणि वैदेहीशी बोलत बसायचा. म्हणजे खरं तर तोच बोलायचा. मिरजेच्या शाळेतलं, आईच्या हातच्या थालीपिठाचं, मोडलेल्या लग्नाचं. ते लग्न का मोडलं हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. वैदेहीला दोनदा सांगितलं. ती ऐकायची. मधूनच म्हणायची, “मागे तुम्ही म्हटलं होतं ना सर, तुमच्या आई थालीपिठाला मधे भोक पाडून तेल सोडत? मी करून पाहिलं.”

अशा वेळी मंदारला गलबलून यायचं. त्याच्याबद्दल कोणीतरी काहीतरी लक्षात ठेवत होतं. ते कुठे ठेवलं आहे हेही त्याला नेमकं ठाऊक होतं: अमरावतीच्या कोठारात, तिच्या नावाच्या नोंदीत. उद्या आपण इथे मरून पडलो तर रायलीबाई भाकरी झाकून ठेवेल आणि जाईल. पण तिकडे आपण थोडे तरी उरू. पंचावन्न वर्षं एकटं राहिलेल्या माणसाला एवढाही आधार पुष्कळ होतो, आणि पुष्कळ झाला की त्याचा लोभ सुटतो.

मे महिन्यात वार्षिक पालट-चाचणी ठेवली होती. नाशिकच्या दहा स्वयंसेवकांना पंधरा मिनिटांसाठी अमरावतीच्या कोठारावर न्यायचं, सगळं सुरळीत आहे हे पाहायचं, आणि परत आणायचं. पालट झाला आणि एका निवृत्त शिक्षिकेने इकडेतिकडे पाहून विचारलं की एवढं कसं उकडतंय, दसरा झाला की हवा बदलते ना? बाकीच्या नऊ जणांनाही दसऱ्यापुढचं काही सांगता येईना. त्यांना घाईघाईने परत नाशिकवर आणलं. पण आपल्यासमोर वेगळाच कोश धरून दुसरं कोठार उभं आहे हे आता दोन्ही यंत्रांना दिसलं होतं. मंदारच्याच योजनेप्रमाणे दोन्ही कोठारांनी स्वतःला कुलूप घातलं. त्या क्षणापासून वीस हजार माणसांचं नवं काही टिकेना. ज्याने त्याने जे काही पाहिलं, ऐकलं, ते जागच्या जागी विरून जायला लागलं.

दुपारी उपासनीबाईंचा फोन आला. तज्ज्ञांना विचारून झालं होतं. सात महिन्यांत दोन्ही कोश वेगवेगळं शिकत गेले होते. त्यांची गुंतागुंत सोडवायला वर्ष-दीड वर्ष लागेल, आणि तेवढा काळ माणसांना असं ठेवता येणार नाही. एक कोश ठेवायचा, दुसऱ्यावरच्या माणसांना त्याच्याशी जुळवायचं. त्यांचं दसऱ्याआधीचं सगळं राहील, कारण ते दोन्हीकडे आहे. नंतरचे सात महिने जातील, आणि एकदा मेंदू जुळवला की पुन्हा कधी येणार नाहीत.

त्या म्हणाल्या, “सबनीस, संध्याकाळच्या आत किल्ली फिरवा. तोपर्यंत दोन्हीकडचे फोन बंद राहतील. कलम तुम्हाला पाठ असेलच.”

पाठ होतंच. जिथे माणसं जास्त ते कोठार ठेवावं. नाशिकला आठशेच्या वर माणसं जास्त होती. पण त्याखाली आणखी एक ओळ होती. प्रसंग पाहून साक्षीदाराला वेगळा निर्णय घेता येईल, आणि त्याचं कारण त्याला विचारलं जाणार नाही. नियमाला माणसाचा हात लागायला थोडी फट हवी, म्हणून मंदारनेच ती ओळ घातली होती. तेव्हा त्याला ती योजनेतली सगळ्यात चांगली ओळ वाटली होती.

तो फलकासमोर बसला. डावी किल्ली नाशिकची, उजवी अमरावतीची. नाशिक ठेवलं तर उद्या सकाळी वैदेहीचा फोन येईल आणि तिच्या लेखी दसरा नुकताच झालेला असेल. बिबट्या तिला माहीत असेल, पांघरुणाचा प्रश्न आठवेल, पण थालीपीठ नाही, मिरज नाही, मोडलेलं लग्न नाही. साक्षीदार सबनीस सर, एवढंच. मंदारला वाटलं, आपल्याला कोणीतरी पुसून टाकतंय आणि फडकं आपल्याच हातात दिलंय.

रायलीबाई भाकरी घेऊन आली, त्याच्या तोंडाकडे पाहून थांबली आणि बरं नाही का, असं तिने विचारलं. तो बरं आहे म्हणाला. मग तो कारणं शोधायला बसला. अमरावतीची यंत्रं नवी आहेत. तिथली वीज जास्त भरवशाची. तिथे म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण जास्त, त्यांना असा धक्का सोसणार नाही. कारणं शोधायला बसलं की सापडतातच. ती खोटी असतात असंही नाही. नाशिकच्या माणसांचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही, पण ती आकड्यात होती, आणि वैदेही आवाजात होती. उन्हं कलायच्या आत त्याने उजवी किल्ली फिरवली आणि गार झालेली भाकरी खाल्ली.

उपासनीबाईंनी आभार मानले. कारण विचारलं नाही. ‘अमरावतीची प्रत अधिक निर्दोष’ असं त्याने आपण होऊन लिहून पाठवलं होतं, आणि ते सगळ्यांना पटलं. तारा दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराची चौकशी लागली. सोमवारच्या खुणांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. योजनेतलं ते पान कोणी पुन्हा उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत नाशिक दाखवत होते. एका आजीबाईंच्या मांडीवर तीन महिन्यांचा नातू ठेवला होता आणि हा कोणाचा, असं त्या सुनेला विचारत होत्या. बाळ हसत होतं. मंदारने बातम्या बंद केल्या.

त्यानंतर वैदेहीचा फोन आला. अमरावती चालू, म्हणाली. मंदार सकाळपासून या फोनची वाट पाहत होता. त्याने विचारलं, “माझ्या आईच्या थालीपिठाचं आठवतं का हो तुम्हाला?”

“आठवते ना,” ती म्हणाली. “सगळंच आठवते.” मग म्हणाली, “सर, तुम्ही अमरावती काहून म्हटलं?”

प्रत निर्दोष होती, असं तो म्हणाला. मग यंत्रं नवी आहेत, म्हणाला.

“माणसं तर नाशिकला जास्त आहेत. योजना मी वाचली आहे सर, सगळी वाचली. खरं सांगा.”

म्हणजे योजना पूर्ण वाचणारं दुसरं माणूस होतं तर. मंदारने आणखी कारण शोधलं नाही. तो म्हणाला, “तुम्ही विसरला असतात. हे सगळं. आपलं बोलणं.”

ती अगदी सावकाश म्हणाली, “दादा दुव्यावर आहे, सर. नाशिकच्या कोठारात.”

मंदारला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. दादा नाशिकला असतो हे त्याला माहीत होतं, आई त्याच्याकडे गेली हेही माहीत होतं. साक्षीदाराचं त्या शहरात कोणी नसावं, हे त्याने पाळलं होतं. पण वैदेहीचं तिथे कोण आहे हे त्याला सुचलंच नव्हतं. तो अडखळत म्हणाला की तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

“मी सांगितलं होतं. ताप दोघांनाही आला म्हणून. तुम्ही कोण दोघं ते विचारलं नाही.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना. “आईचं सगळं त्यानंच केलं शेवटी. मी पोचली तेव्हा संपलं होतं. आता सकाळपासून वहिनीचे फोन येऊन राहिले. तो आईच्या खोलीत जाते आणि विचारते, आई देवळात गेली का? वहिनीच्या तोंडातून शब्द फुटत नाही. मलाच जावं लागते सांगायला.”

मंदार म्हणाला, “मी येतो नाशिकला. तुमच्यासोबत.”

“तुम्ही कोण म्हणून येता, सर?”

साक्षीदाराला तोरणमाळ सोडता येत नाही हे कलम मंदारला आठवलं, आणि आपण त्या कलमाच्या आडोशाला जातोय हे कळून स्वतःची लाज वाटली. तो म्हणाला की सोमवारच्या खुणा मी ताडल्या असत्या तर हे काही झालंच नसतं. ती म्हणाली, वाचायची होती मला, मीही वाचली नाही. मला बोलायला बरं वाटत होतं. तेवढं म्हणून तिने फोन ठेवला.

मधले दिवस अमरावतीहून कोणी एक इंगोले फोन करत होते. मंदार आता रोज पहिल्याने खूण विचारायचा, सोमवार असो नसो. दोन्ही खुणा जुळायच्या. मग दिवस लांबच्या लांब पडलेला असायचा. तो तलावापर्यंत जायचा, परत यायचा. बोलण्यासारखं काही घडलं की ते कोणाला सांगायचं हे मन आपोआप ठरवायचं, आणि मग ती आता फोनवर नसते हे त्याला आठवायचं. एकदा रायलीबाईला त्याने विचारलं की तुला मुलं किती? ती चमकली, इतक्या दिवसांत त्याने तिला मिठाशिवाय काही विचारलं नव्हतं. चार होती, दोन आहेत, असं तिने सांगितलं आणि ती भांडी घेऊन गेली. जी दोन गेली त्यांचं काय झालं हे विचारायला तो दारापर्यंत गेला, पण ती उतार उतरून गेलेली होती.

आठवड्याने वैदेहीचा फोन आला, तो हजेरीच्या वेळेला नाही, दुपारी. नाशिकहून बोलत होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

“सांगितलं,” ती म्हणाली.

आपण काही बोललो तर ती ठेवून देईल अशी मंदारला भीती वाटली. ती मग आपण होऊन सांगायला लागली. दादाला समोर बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, तो असा की मी कुठे होतो तेव्हा.

“मी म्हटलं, तूच होता रे तिच्यापाशी. पाच रात्री जागला. तुझा हात धरूनच गेली ती. तर तो म्हणते, मग मला काहून नाही आठवत? मी पुन्हा सांगितलं. कशी होती, काय बोलली, त्याला काय म्हणाली. जे त्यानंच मला सांगितलं होतं तेव्हा, तेच मी त्याला सांगून राहिली. तो ऐकते असा, जसं काही दुसऱ्याच कोणाच्या आईचं आहे.”

भांड्यांचा आवाज थांबला.

“मला त्याच्यासोबत रडता येत नाही, सर. माझं रडून झालं. तुमच्यापाशीच झालं, सोमवारी सोमवारी. त्याचं आता सुरू झालं, आणि मी बाजूला कोरडी बसून आहे.”

मंदारच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्याला सांगायचं होतं की मला क्षमा करा. मला वाटलं होतं मी तुमचं काहीतरी वाचवतोय. मी माझंच वाचवत होतो. मी इथे फार एकटा असतो. सगळी वाक्यं मी-पासून सुरू होत होती, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कानाला टोचलं. त्याने एकही उच्चारलं नाही.

मी दुसरं काम मागून घेतलंय, वैदेही म्हणाली. हजेरीला आता इंगोलेच असतील. चांगले आहेत, खूण बरोबर वाचतात. तुम्ही पांघरूण घेत जा, डोंगरावर पाऊस लवकर सुरू होतो म्हणतात. एवढं तिने नेहमीच्याच आवाजात सांगितलं, आणि ती फोन ठेवणार हे मंदारला कळलं.

“वैदेही,” तो म्हणाला, “दादांचं नाव काय?”

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं, पुरुषाचा आवाज होता.

“प्रफुल्ल,” ती म्हणाली. “आई पप्पू म्हणायची.” आणि तिने फोन ठेवला.

मंदार फोन हातात धरून बसून राहिला. पप्पू लहानपणी कसा होता, आईने शेवटी त्याला काय सांगितलं, वैदेहीला घरात काय म्हणायचे, अचलपूरचं घर कसं होतं, असं विचारण्यासारखं आता त्याला एकामागून एक सुचत होतं.